एकच कातण

संडे स्कूलमध्ये डोंगरावरचं प्रवचन पाठ करताना ‘जे शांती करणारे ते धन्य’ ही ओळ आली, की माझ्या डोळ्यांपुढे शेजारच्या वाड्यात येणारे गुरुजी उभे राहायचे. शांत करायला तेच तर यायचे. वास्तुशांत, साठीशांत, एकदा उदकशांतसुद्धा. आधी यादी यायची: सुपाऱ्या, तांदूळ, नारळ, आंब्याचे टहाळे. सकाळी सुरू झालेलं काम दुपारची पंगत बसेपर्यंत चालायचं आणि पाटावरून उठताना यजमानांचे गुडघे धरलेले असायचे. प्रभू येशूने गुरुजींना धन्य का म्हणावं, हे नगरातल्या आठ वर्षांच्या ख्रिस्ती मुलीला पडलेलं कोडं होतं. पप्पांना विचारलं तर ते पोट धरून हसले.

आता पन्नाशी उलटल्यावर वाटतं, माझं फारसं चुकलं नव्हतं. शांत बसणारे वेगळे आणि शांत करणारे वेगळे. करायची म्हटली की यादी आली, वेळ आला, गुडघे धरणं आलं.

आमच्या घरात हे खातं आत्याकडे होतं. नणंद म्हणजे काड्या घालणारी, असं ओव्यांपासून मालिकांपर्यंत सगळे सांगतात. आमची आत्या उलटी निपजली. आई आणि काकी या जावांमध्ये आजीच्या शिलाई मशीनवरून अबोला होता. आजी गेल्यावर मशीन काकीकडे गेलं आणि त्याचं लोखंडी स्टँड आमच्याकडे राहिलं. कोणीच हटेना. दोन वर्षं दोघींनी ब्लाउज बाहेर शिवायला टाकले. देवळात आई पुढच्या बाकावर, काकी शेवटच्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी, असला की दोघींपैकी एकीला नेमकी कणकण यायची.

आत्या दोन्ही घरांत चहा प्यायची आणि निरोप न्यायची. आई म्हणायची, “सांग तिला, तिच्या दारात पाय ठेवणार नाही मी.” पलीकडे पोचेपर्यंत याचं “वहिनींना सध्या जमेलसं दिसत नाही” झालेलं असायचं. काकीचा “तिची पोरं उपाशी मरत होती का मशीनवाचून?” हा सवाल आमच्याकडे “पोरांची चौकशी करत होती” असा पोचला. मी तेव्हा दहावीत, म्हणजे तत्त्वनिष्ठ वयात. म्हटलं, “आत्या, हे खोटं नाही का? खोटी साक्ष देऊ नको अशी आज्ञा आहे.” ती म्हणाली, “मी एक अक्षर वाढवत नाही. गाळते फक्त. चहा नाही का गाळत?”

चौकशीचं वाक्य वाढवलेलंच होतं, हे मला आत्ता लिहिताना दिसतंय.

खरं काम झालं ते नाताळच्या करंज्यांना. आत्याने दोघींना आपल्या घरी बोलावलं, एकीला दुसरीचं न सांगता. पोळपाटाच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला काकी, मधे ओल्या फडक्याखाली पाऱ्या. पारी उघडी राहिली तर वाळते आणि करंजी तेलात उकलते, त्यामुळे हात थांबवून चालत नाही. आणि कातण एकच. आत्याकडे दोन होती. दुसरं तिने पिठाच्या डब्यात खुपसून ठेवलं होतं, हे तिने मला वीस वर्षांनी सांगितलं. पहिल्या दहा करंज्या खुणांवर झाल्या. अकराव्याला काकी म्हणाली, “कातण.” आईने दिलं. थोड्या वेळाने आई म्हणाली, “सारण कमी भर, फुटतील.” प्रेमळ वाक्य नव्हे, पण दोन वर्षांतलं पहिलं. मशीन फेब्रुवारीत जोडलं गेलं.

बायबलमधल्या प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला तुरुंगातून पत्र लिहिलं, त्यात युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांना विनवलंय की बायांनो, प्रभूमध्ये एकचित्त व्हा. दोघी सुवार्तेच्या कामात त्याच्याबरोबर झटलेल्या. भांडण कशावरून, ते पौल सांगत नाही (त्यानेही गाळलं). पुढे तो एका सोबत्याला सांगतो, तू यांना मदत कर. त्या सोबत्याचं नाव पत्रात नाही. नुसतं ‘खऱ्या सोबत्या’ एवढंच. भांडणारणींची नावं जवळजवळ दोन हजार वर्षं वाचली जातायत, आणि मधे पडायला सांगितलेला तो सोबती निनावी. आत्याला हे दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “बरं झालं. नाव लिहिलं असतं तर दोघी मिळून त्याच्यावर उलटल्या असत्या.”

आत्या गेल्यावर हे खातं न मागता माझ्याकडे आलं, आणि मी ते चांगलं चालवलं असं म्हणवत नाही. एक म्हणजे निरोप आता माणसाकरवी जात नाहीत, व्हॉइस मेसेजने जातात, आणि त्यात गाळायला जागाच नसते. दोन चुलतभावांच्या जागेच्या वादात मी पडले आणि एकाचा मेसेज चुकून दुसऱ्याला फॉरवर्ड केला. डिलीट करेपर्यंत दोन निळ्या खुणा. बायबलच्या नीतिसूत्रांत म्हटलंय, दुसऱ्याच्या तंट्यात पडणारा वाटेने जाणाऱ्या कुत्र्याचे कान धरणाऱ्यासारखा असतो. धरणंही अवघड, सोडणंही. आणि जागेच्या वाटणीबद्दल म्हणाल, तर ‘माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा’ म्हणत आलेल्या माणसाला खुद्द येशूने विचारलं होतं, मला तुमच्यात वाटणी करणारा कोणी नेमलं? लोभाबद्दल चार शब्द सुनावले, पण मोजणीला काही गेला नाही. हे मला आधी आठवायला हवं होतं.

दुसऱ्यांची भांडणं मिटवण्यात एक सोय असते, स्वतःचं मागे पडतं. महिला मंडळातली माझी जुनी मैत्रीण वर्षभर माझ्याशी बोलत नव्हती. मागच्या नाताळात कार्यक्रम लांबला म्हणून मी तिच्या नातवाचं गाणं गाळलं होतं. पोरगा मेंढपाळाचा झगा घालून तासभर पडद्याआड उभा होता. माझ्या मनात तिच्याविषयी काहीच नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगत असे. पण डोंगरावरच्या त्याच प्रवचनातला वेदीवर दान आणण्याचा उतारा नीट वाचला तर पंचाईत होते. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असं तिथे नाहीच. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर दान वेदीपुढे ठेवून आधी जा, असं आहे. ऐकणारे गालीलातले आणि वेदी यरुशलेमेत. म्हणजे तीनेक दिवस चालत माघारी जायचं, समेट करायचा, पुन्हा तेवढंच चालत यायचं. तोवर वेदीपुढचं बकरू कोण सांभाळणार, हे मला अजून कुठल्याही पाळकसाहेबांनी सांगितलेलं नाही.

माझ्या आणि तिच्या घरात दोन गल्ल्या आहेत. यंदा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेले. दार नातवानेच उघडलं. हातभर उंच झालाय. मी त्याला म्हटलं, “सॉरी रे, मागच्या वर्षी तुझं गाणं राहिलं.” तो म्हणाला, “कुठलं गाणं?”

आतून भांड्यांचा आवाज थांबला.

“कातण आहे का गं?” मी आत डोकावून विचारलं. “माझं सापडत नाहीये.” आत्याची दोन्ही कातणं माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत.

ती हात पुसत बाहेर आली, फडताळातून कातण काढलं, माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, “वेळेवर परत कर. मागे चार महिने ठेवून घेतलं होतंस.”

मागे मी ते आठवड्याच्या आत परत केलं होतं, वर डबाभर करंज्या घालून. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. गाळलं.