कपाटातली काळी चकती

आपल्या शाळेच्या क्रीडा कक्षात ढालींचं कपाट आहे. त्याच्या खालच्या फळीवर काळ्या रबराची एक चकती ठेवलेली आहे, तीन इंच रुंद आणि एक इंच जाड. ती कशाची, असं स्मरणिका समितीच्या बाईंनी मला फोनवर विचारलं. ती आइस हॉकीची पक आहे, म्हणजे बर्फावरच्या या खेळात चेंडूऐवजी असते ती चकती. २००१ च्या मे महिन्यात मी ती बॉस्टनहून आमच्या पी.टी.च्या सरांसाठी आणली होती. सर गेल्यावर त्यांच्या घरच्यांनी ती शाळेला दिली.

१९८७ च्या दहावीच्या बॅचला सर कोण होते हे सांगायला नको. नंतरच्या मुलांसाठी एवढंच सांगतो, की खो-खोचा संघ निवडताना ते उंची बघत नसत. मी वर्गात सगळ्यांत बुटका, प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिला. आठवीत सरांनी मला दोन खांबांमध्ये चार वेळा पळायला लावलं आणि म्हणाले, "बारक्या, उद्यापासून सहाला यायचं." खांबाजवळ हुलकावणी द्यायची तर बुटक्या मुलाला वळायला जागा कमी लागते, हे त्यांनी मला पळवून पळवून पटवलं. आठवी, नववी, दहावी, तिन्ही वर्षं आम्ही जिल्ह्याचा अंतिम सामना हरलो. एकदा तर एका गुणानं. आणि दर वेळी पुढच्या सोमवारी सर सकाळी सहाला मैदानावर फक्की टाकत असायचे. हरलो म्हणून संघातून कुणाचंही नाव कमी झालं नाही.

१९९८ मध्ये नोकरीसाठी मी बॉस्टनला गेलो आणि ब्रायटन भागात राहू लागलो. तिथल्या ग्रीन लाइन या ट्राममार्गाची बी गाडी शेवटी बॉस्टन कॉलेजला जाऊन थांबते. कॉलेजच्या आवारात कॉन्टे फोरम नावाचं बंदिस्त क्रीडागार आहे. पहिल्या हिवाळ्यात ऑफिसातल्या एकानं जास्तीचं तिकीट दिलं म्हणून गेलो. खेळ काही कळेना. पक इतक्या वेगानं जाते की सवय नसलेल्या डोळ्याला ती दिसतच नाही. म्हणून मी खेळाडूंच्या बाकाकडे बघत बसलो. गोलरक्षक सोडून पाच जण बर्फावर, पाऊण मिनिटात ते धापा टाकत कठड्यावरून आत येणार, दुसरे पाच उड्या मारून बाहेर जाणार, आणि मधे खेळ थांबणार नाही. मला आमच्या खो-खोच्या तुकड्या आठवल्या. बाकामागे सुटातले एक गृहस्थ शांत उभे होते. समोर गोल झाला तरी तसेच, अंगावर गोल चढला तरी तसेच. ते प्रशिक्षक जेरी यॉर्क.

यॉर्क मूळचे वॉटरटाउनचे, म्हणजे आमच्या ब्रायटनहून नदी ओलांडली की पलीकडचं गाव. बॉस्टन कॉलेजमध्येच शिकले, तिथेच खेळले. १९६५ च्या कॉलेज संघांच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात त्यांचा संघ मिशिगन टेककडून ८-२ असा हरला होता. १९७२ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, ते न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला क्लार्कसन कॉलेजचे मुख्य प्रशिक्षक झाले. तिथे सात वर्षं, मग ओहायोतल्या बोलिंग ग्रीनला पंधरा वर्षं. १९८४ मध्ये बोलिंग ग्रीननं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेही चौथ्या जादा डावात. सामना ९७ मिनिटांवर चालला होता. १९९४ मध्ये ते स्वतःच्या कॉलेजात परत आले. बॉस्टन कॉलेजनं याआधी विजेतेपद मिळवलं होतं ते १९४९ साली.

१९९८ ची अंतिम फेरी त्यांच्या गावातच, बॉस्टनमध्ये झाली. मिशिगननं त्यांना जादा वेळेत ३-२ असं हरवलं. पुढच्या वर्षी उपांत्य सामन्यात मेन विद्यापीठाकडून हार, पुन्हा जादा वेळेत. २००० मध्ये अंतिम सामन्यात नॉर्थ डकोटाकडून ४-२. या तिन्ही पराभवांत ब्रायन जिओंटा नावाचा एक मुलगा होता. उंची ५ फूट ७ इंच. अंगावर धडका घेण्याच्या या खेळात ही उंची म्हणजे प्रार्थनेच्या रांगेतला पहिला नंबर. १९९८ मध्येच एका व्यावसायिक संघानं त्याला निवडून ठेवलं होतं, तरी तो चौथ्या वर्षी कॉलेजातच राहिला आणि कर्णधार झाला.

७ एप्रिल २००१. ऑल्बनीला अंतिम सामना, समोर पुन्हा नॉर्थ डकोटा. मी घरी टीव्हीपुढे होतो. बॉस्टन कॉलेज २-० नं पुढे, आणि शेवटच्या चार मिनिटांत नॉर्थ डकोटानं दोन गोल करून बरोबरी साधली. शेवटचा गोल झाला तेव्हा घड्याळात एक मिनिटही उरलं नव्हतं. मी उठून टीव्ही बंद करायला गेलो होतो, हे आजही आठवतं. जादा वेळेत क्रिस कोलॅनोसनं गोल केला. बावन्न वर्षांनी विजेतेपद आलं.

मे महिन्यात सुट्टीवर आलो तेव्हा सरांच्या पडवीत बसून हे सगळं सांगितलं. त्यांनी बर्फाबद्दल फारसं विचारलं नाही. पक हातात घेऊन वजन बघितलं, सामन्याआधी ती गोठवून ठेवतात म्हणजे उसळत नाही, हे ऐकून मान डोलावली. मग विचारलं, "तीन वर्षं हरूनही त्या पोराला तिथं राहावंसं वाटलं?"

"हो सर."

"मग कोच बघायला पाहिजे."

तेव्हापासून दर एप्रिलला माझा फोन जायचा आणि सर पहिलं वाक्य तेच बोलायचे, "तुझ्या कोचचं काय झालं?" २००६ मध्ये विस्कॉन्सिनकडून २-१ असा अंतिम सामना गेला, शेवटच्या क्षणी मारलेली पक गोलच्या खांबाला लागून परतली. मी "खांब" म्हटल्यावर सर बराच वेळ बोललेच नाहीत. २००७ मध्ये मिशिगन स्टेटकडून हार. २००८ मध्ये डेन्व्हरला नोत्र दामला ४-१ नं हरवलं, त्यात नेथन गर्बीचे दोन गोल होते. हा तर जिओंटापेक्षाही बुटका. सरांनी त्याची उंची इंचात विचारून घेतली. मग २०१० आणि २०१२ ची विजेतेपदं आली. २०१२ च्या अंतिम सामन्यात जॉनी गॉड्रो नावाच्या पहिल्या वर्षाच्या मुलानं बचावपटूला चकवून जो गोल केला, तो मी सरांना हातवारे करून दाखवू शकलो नाही याची मला अजून चुटपुट आहे. फोनवर हुलकावणी सांगता येत नाही. तो जॉनी आणि त्याचा भाऊ मॅथ्यू, दोघेही यॉर्क यांचेच विद्यार्थी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सायकलवर असताना मोटारीच्या धडकेत दोघेही गेले. ती बातमी वाचल्यावर त्या दिवशी माझ्याकडून काही काम झालं नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये यॉर्क यांनी रॉन मेसन यांचा ९२४ विजयांचा विक्रम मागे टाकला. बोलिंग ग्रीनला ज्यांच्या जागेवर ते गेले होते, तेच हे मेसन. शेवटी हा आकडा १,१२३ वर थांबला. २०१९ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड झाली. सरांना मी आकडे सांगितले की ते म्हणायचे, "ते असू दे, यंदा पोरं कशी आहेत?"

एप्रिल २०२२ मध्ये, पन्नास हंगामांनंतर, यॉर्क निवृत्त झाले. सर तेव्हा अंथरुणावर होते, ऐकायलाही कमी येत होतं. मोठ्यानं दोनदा सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "आता पोरांना कोण बघणार?" मी सांगितलं, ग्रेग ब्राउन म्हणून आहेत, त्याच कॉलेजचे जुने खेळाडू, यॉर्क यांच्या हाताखाली अनेक वर्षं सहायक होते. "मग हरकत नाही," सर म्हणाले. तो आमचा शेवटचा फोन.

समितीला एक विनंती आहे. पक सध्या खालच्या फळीवर एकटीच आहे. आमच्या खो-खोच्या उपविजेतेपदाच्या तीन ढाली मधल्या फळीवर आहेत. जागा होत असेल तर तिला त्यांच्या शेजारी ठेवावं.