चिपळूणचं गोदरेज: कॅरेज चाललं, अनुस्वार जागेवर आला

मंडळी, चिपळूणचं ते मराठी गोदरेज टाइपरायटर चालायला लागलंय. अजून पूर्ण नाही, पण कॅरेज (कागद धरून सरकणारा वरचा भाग) सरकतंय, घंटी वाजतेय, शिफ्ट खाली-वर होतंय, आणि एवढं झालं की मशीन वाचलं असं मी तरी धरतो.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. मशीन एका टायपिंग इन्स्टिट्यूटमधलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत घुसलं तेव्हा ते तळमजल्यावर होतं, पाणी ओसरल्यावर बाकी सामानाबरोबर मागच्या पडवीत गेलं आणि तिथंच राहिलं. परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्यावर त्याला हात कोण लावणार. इन्स्टिट्यूटचे सर म्हणाले भंगारवाला किलोवर नेईल, त्यापेक्षा तू ने बाबा. मी तसाच रत्नागिरीला घेऊन आलो.

आता काम. गंज डोळ्यांना दिसतो म्हणून आधी सगळे गंजाच्या मागे लागतात, पण पुरातल्या मशीनमध्ये गाळ जास्त त्रास देतो. नदीचा गाळ पिठासारखा बारीक, सेगमेंटच्या, म्हणजे टाईपबार ज्यात बसतात त्या खाचांच्या कमानीच्या, एकेका खाचेत जाऊन बसतो आणि वाळला की दगड. वरून तेल सोडलं तर त्याची पेस्ट होते, टाईपबार (अक्षर मारणाऱ्या दांड्या) दोन दिवस बरे उठतात आणि मग पहिल्यापेक्षा घट्ट अडकतात. म्हणून परत सांगतो, सेगमेंटमध्ये तेल घालू नका, शिलाई मशीनचं नको, खोबरेल तर अजिबात नको आणि तो गंज सोडवायच्या स्प्रेचा डबाही नको. सेगमेंट कोरडाच चालतो, तो तसाच बनवलेला असतो.

मी पावसाळा संपायची वाट बघितली, कारण आपल्याकडे जुलैत धुतलेला टॉवेल वाळत नाही तिथं मशीन काय वाळणार. दसऱ्यानंतर कडक ऊन पडायला लागलं तेव्हा अंगणात पत्रा टाकून त्यावर काम काढलं. आधी नुसतं कोरडं ब्रशिंग, मग रंगाच्या दुकानात मिळतं ते टर्पेंटाईन ब्रशने खाचांत सोडायचं, की दाबत राहायची, काळं पाणी खाली गळतं ते फडक्याने टिपायचं, परत सोडायचं. (मोकळ्यावरच करा, जवळ विडी-काडी नको. आणि थिनर लावू नका, रंग जातो.) मग हवा मारायची. पंक्चरवाल्याकडे नेणार असाल तर त्याला आधी कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढायला सांगा, नाहीतर किनाऱ्यावरच्या हवेत टाकीत एवढं पाणी जमतं की हवेबरोबर तेच मशीनवर फवारलं जातं.

एवढं करूनही काही टाईपबार ढिम्म हलेनात म्हणून सेगमेंटची वायर ओढून ते बाहेर काढले. हे काम घाईचं नाही. पुठ्ठ्याच्या पट्टीला खाचा पाडल्या, खाली नंबर घातले आणि एकेक बार निघेल तसा त्याच्या खाचेत उभा केला. पितळी ब्रशने मुळाकडचा गंज काढला, बारीक स्टील वूल फिरवलं, पुसला, परत जागेवर. खाच साफ असली की बार स्वतःच्या वजनानेच मागे पडतो, तो आवाज ऐकायला मला फार आवडतं.

कॅरेज ओढणारी दोरी म्हणजे ड्रॉबँड, ती कुजून तुटलेली होती. तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) लावून बघा असं बऱ्याच जणांनी सुचवलेलं, पण एकेरी तंगूस ताणतो आणि गाठ सरकते. मिरकरवाड्याला मासेमारीच्या सामानाच्या दुकानात विणलेली बारीक दोरी मिळते ती घ्या, मऊ असते आणि गाठ पक्की बसते. ही दोरी ज्याला बांधतात त्या स्प्रिंगच्या डब्याला पीळ मात्र बेताचाच द्या, ओळीच्या शेवटपर्यंत कॅरेज जाईल इतपत, जास्त दिला तर कॅरेज मागे ढकलताना जड लागतं आणि एस्केपमेंट, म्हणजे कॅरेजला एकेक घर सोडणारी दातेरी यंत्रणा, झिजतं. आणि डबा हातातून सोडू नका, भर्रकन उलगडतो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो अनुस्वाराने. देवनागरी मशीनला डेड की असतात, वरच्या-खालच्या मात्रांसाठी, त्या मारल्या तरी कॅरेजने जागा सोडायची नाही. इथं अनुस्वार मारला की कॅरेज एक घर पुढे. ‘चिंच’ टाईप केलं तर मध्ये भगदाड. सेगमेंटच्या मागे युनिव्हर्सल बार असतो, साधा टाईपबार वर जाताना त्याला ढकलतो आणि त्या धक्क्याने एस्केपमेंट सुटून कॅरेज एक दात सरकतं. डेड कीचा बार त्याला शिवतच नाही. टॉर्च मारून की हळूहळू दाबत बघत बसलो तेव्हा दिसलं, नेमकं तिथंच तांदळाच्या कणीएवढं गाळाचं खडं चिकटलेलं होतं आणि बार त्याच्यामार्फत धक्का देत होता. दाताच्या डॉक्टरकडची असते तसली बारीक हुक घेऊन ते टोकरून काढलं. वाकवावाकवी काही लागली नाही. आता अनुस्वार, उकार, मात्रा सगळं जागच्या जागी पडतंय. मशीन अडलं की पट्ट्या वाकवायच्या आधी उजेड पाडून बघा एवढीच विनंती.

गोदरेजने १९५५ साली आपल्या देशातला पहिला टाइपरायटर बनवला, आणि हे जाड पत्र्याचं काम उघडून बघितलं की कळतं पुरातून निघूनही फ्रेम का सरळ राहिली. रिबन अर्ध्या इंचाची, नवीन घातली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

ठेवण्याबद्दल विचारलेलं एका ताईंनी. प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत दमटपणा कोंडतो. मी सुती कापड घालतो, मशीन लाकडी कपाटात, आणि पावसाळ्यात कपाटात खालच्या बाजूला जुना पिवळा चाळीसचा बल्ब, कापडापासून लांब. एलईडीचा उपयोग नाही, तो तापतच नाही. सिलिका जेलच्या पिशव्याही ठेवतो. दर पंधरवड्याला सगळ्या की एकदा मारायच्याच. आणि कागद घालायच्या आधी आत डोकवा, कुंभारीण माशीला कॅरेजखालची जागा घर बांधायला फार आवडते.

राहिलंय काय तर प्लॅटनचं, म्हणजे कागद ज्यावर गुंडाळतो त्या रुळाचं रबर. लाकडासारखं कडक झालंय, पूर्णविराम मारला की कागदाला भोक. सध्या मागे दोन कोरे कागद घालून चालवतोय. छपाईचे रोलर रबर करून देणारं कोणी मिळतं का याची कोल्हापूरला उद्यमनगरात चौकशी चालू आहे, जमलं तर व्यास आणि खर्च इथं लिहीन. दुसरं म्हणजे ‘ळ’चा स्लग (टाईपबारच्या टोकाचा अक्षराचा ठसा) गंजाने खाल्लाय, अक्षर अर्धवट उठतं. कोणाकडे मोडीत काढलेलं मराठी गोदरेज असेल तर बघा ना. एका स्लगवर साधं आणि शिफ्टचं अशी दोन अक्षरं असतात त्यामुळे कीबोर्ड तोच लागेल, आधी कीबोर्डचा सरळ समोरून फोटो टाका. आणि स्लग डाग देऊन (सोल्डर करून) बसवलेला असतो, नुसता उचकटू नका, टाईपबारसकट काढलात तर इथं मी बघून घेतो.