गुलाबी पट्टा आणि मुंढ्याचं माप

आमच्या नाशिकच्या बायकांच्या सायकल ग्रुपची जर्सी करायचं ठरलं आणि मापं गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण पैशांचा हिशेब आधीपासून माझ्याकडेच होता. आम्ही बायका रविवारी पहाटे कॉलेज रोडला जमतो, बहुतेकदा गंगापूर धरणापर्यंत किंवा गिरणाऱ्यापर्यंत जाऊन येतो, अंगात आलं तर त्र्यंबक. वय तिशीपासून साठीपर्यंत. दोघी-तिघी बीआरएमच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीच्या तयारीत आहेत: २०० किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत. बाकीच्यांना परत येताना मिसळ कुठे खायची एवढीच चिंता.

नाशिकला सायकलचं वेड नवीन नाही. २०१५ मध्ये इथल्या महाजन बंधूंनी, दोघेही डॉक्टर, 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत दोघांची टीम म्हणून पूर्ण केली आणि दोन वर्षांनी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने. तेव्हापासून गंगापूर रोडला लायक्रा घातलेला माणूस दिसला तरी कोणी मान वळवून बघत नाही. बाईकडे अजून बघतात, पण तो विषय वेगळा. माझा विषय हा की दुकानात बायकांच्या वाट्याला येतं ते पुरुषांचं स्मॉल.

जर्सी छापून देणारा बाहेरगावचा. त्याने फोनवर साइझ चार्ट पाठवला. त्यात 'लेडीज' असा वेगळा रकाना होता म्हणून मी खूश झाले. नीट पाहिलं तर पुरुषांचेच आकडे एक घर खाली सरकवलेले. छाती आणि उंची, बस्स. कंबर नाही, सीट म्हणजे नितंबांचा घेर नाही. फोन करून विचारलं, "दादा, लेडीजमध्ये फरक काय आहे?" तो म्हणाला, "मॅडम, बाजूला पिंक पट्टा येतो."

इथे छपाई कशी होते ते सांगायला हवं, कारण पुढची सगळी गंमत त्यातच आहे. या जर्सी सब्लिमेशनने छापतात. डिझाइन आधी कागदावर छापतात, मग तो कागद पांढऱ्या पॉलिस्टर कापडावर ठेवून साधारण २०० अंश सेल्सिअस तापमानाच्या प्रेसखाली दाबतात. शाईची वाफ होऊन ती धाग्यात शिरते, म्हणून धुऊन रंग जात नाही आणि हाताला छपाई लागत नाही. सुती कापडावर हे होत नाही. मुद्दा असा की पुढचा भाग, पाठ, बाह्या हे तुकडे आधी छापले जातात आणि शिवण नंतर होते. म्हणजे आकार ठरतो तो कॉम्प्युटरवरच्या पॅटर्नच्या, म्हणजे कापायच्या तुकड्यांच्या आराखड्याच्या फाइलमध्ये. तयार जर्सी टेलरकडे नेऊन कमरेत दाबून घेतली तर बाजूचं डिझाइन कापलं जातं आणि छाती तंग ती तंगच राहते. बायकांचा कट हवा असेल तर पॅटर्नच वेगळा हवा. ते काम छापणाऱ्याला नको होतं, तेही मी समजू शकते. त्याच्या शंभर ऑर्डरींतल्या नव्वद पुरुषांच्या असणार.

मग मी आमच्या ब्लाउज शिवणाऱ्या मास्तरांकडे गेले. भद्रकालीतलं छोटंसं दुकान, दोन मशिनी आणि एक ओव्हरलॉक. सायकलशी त्यांचा संबंध दुकानात येण्यापुरता. पण तीस-चाळीस वर्षं बायकांची मापं घेतलेला माणूस कुठल्याही साइझ चार्टपेक्षा जास्त जाणतो, असं माझं मत आहे. नमुन्याची जर्सी माझ्या अंगावर बघून ते म्हणाले, "ताई, याला टक्स नाहीत. कापड ताणतंय म्हणून बसलंय. सगळा ताण छातीवर येतो, म्हणून पुढून वर चढतंय. आणि मुंढा खोल आहे, हात पुढे केला की अख्खी बाही ओढली जाते." मी इतके दिवस जर्सी खाली ओढत सायकल चालवत होते, त्याचं कारण दोन वाक्यांत मिळालं.

मापं माझ्याच घरी घेतली. छाती, छातीखाली, कंबर, सीट, मुंढा, दंड, खांदा. आणि एक माप मास्तरांच्या सांगण्यावरून वाढवलं: मानेपासून कमरेपर्यंत पाठ, तीही सायकलवर वाकून. भिंतीला टेकवलेल्या सायकलवर एकेकीला बसवलं, हँडल धरायला लावलं आणि मग टेप लावला. उभं राहून घेतलेल्या मापात आणि यात चांगलाच फरक पडतो. वाकलं की पाठ लांबते आणि पुढे पोटाशी कापडाच्या चुण्या पडतात. म्हणून सायकलची जर्सी पुढून आखूड आणि मागून लांब असते. आरशासमोर उभं राहून ती विचित्र दिसते, तशीच दिसायला हवी.

आकडे मोठ्याने वाचायचे नाहीत असं मी आधीच जाहीर केलं होतं. प्रत्येकीची चिठ्ठी वेगळी, मी आणि मास्तर सोडून कोणी बघणार नाही. हे केलं नसतं तर निम्म्या जणींनी दोन इंच कमी सांगितले असते.

मापं झाली आणि आवडीनिवडी सुरू झाल्या. 'बायकांना काय हवं' हा प्रश्नच चुकीचा आहे हे तासाभरात कळलं. बीआरएमवाल्यांना जर्सी अंगाला चिकटून हवी होती, वाऱ्यात फडफडणारं कापड त्यांना चालत नाही. आमच्यातल्या सर्वांत मोठ्या काकूंना सीट झाकेल इतकी लांब आणि सैल हवी होती. "मी काही शर्यतीला चालले नाही. सोसायटीतून बाहेर पडताना मला अवघड वाटायला नको," त्या म्हणाल्या. यात हसण्यासारखं काही नाही. ज्या कपड्यात घरातून बाहेर पडवत नाही, तो कपडा सायकलवर कितीही चांगला असून काय उपयोग? फक्त फार लांब घेर असला की उठून पॅडल मारून परत बसताना तो सायकलच्या सीटच्या टोकात अडकतो, आणि चढावर तसं अडकणं धोक्याचं. मास्तरांनी तोडगा काढला: मागची लांबी ठेवायची, पण दोन्ही बाजूंना कुर्त्यासारखे छोटे कट द्यायचे आणि खाली रबरी पट्टी लावायची नाही.

बाह्यांवरून फारशी चर्चा झाली नाही, पूर्ण बाही सगळ्यांनाच हवी होती. एप्रिलमध्ये सकाळी नऊनंतर त्र्यंबक रोडचं ऊन काय असतं ते चालवणाऱ्यालाच विचारा. बाहीच्या टोकाला सिलिकॉनची बारीक पट्टी मात्र नको, ती रुतते आणि उतरवल्यावर लाल वळ राहतो. त्याऐवजी रुंद, साधं लवचीक कापड. जर्सीच्या पुढच्या चेनच्या (झिपच्या) वरच्या टोकाला आतून कापडाची टोपी हवी, ही मागणी एकीने केली, कारण तिचं मंगळसूत्र दोनदा चेनमध्ये अडकलं होतं. पुरुषांच्या चार्टमध्ये हे कुठून येणार?

खिशांचं मला आधी सुचलंच असतं असं नाही, आमच्यातली सर्वांत लहान चणीची मैत्रीण बोलली म्हणून कळलं. जर्सीला मागे तीन खिसे असतात. साइझ लहान होत गेला की पॅटर्नमध्ये खिसेही तेवढेच लहान होत जातात. फोन मात्र सगळ्यांचे सारखेच. तिचा फोन खिशाबाहेर अर्धा डोकावायचा. खिशांची रुंदी सगळ्या साइझला एकच ठेवा, असं लिहूनच दिलं.

रंगाचं मतदान झालं आणि गुलाबी जिंकला. मी काही बोलले नाही. उजाडल्यावर ट्रकवाल्याला तो गडद गुलाबी लांबून दिसतो, हे खरंच आहे.

मास्तरांनी मेन रोडवरून आणलेल्या स्वस्त ताणणाऱ्या कापडाचे दोन नमुने शिवले, एक तंग, एक सैल. ते घालून आम्ही सोमेश्वरपर्यंत जाऊन आलो आणि खडूच्या खुणा करून परत दिले. मग त्यांनी ब्राउन पेपरवर पॅटर्न कापून दिला आणि मी तो छापणाऱ्याला कुरिअर केला. आता त्याने नवीन अडचण काढली: प्रत्येक पॅटर्नला किमान नगांची अट. तंग कटच्या जर्सी पुरेशा होत होत्या, सैल कटच्या नाहीत. नाशिकरोडच्या बायकांचा एक ग्रुप आमच्या ओळखीचा आहे. त्यांना सैल कट दाखवल्याबरोबर त्या उड्या मारून तयार झाल्या, नुसतं त्यांचं नाव पाठीवर वेगळं छापायचं. अट पुरी झाली.

पॅडच्या चड्डीचं, म्हणजे बसायच्या जागी गादी शिवलेल्या सायकलच्या चड्डीचं काम मास्तरांनी घेतलं नाही. "ताई, पॅडच्या शिवणी सपाट लागतात, नाहीतर मांडी सोलून निघेल. ती मशिन माझ्याकडे नाही," असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. त्यामुळे त्या ज्याच्या त्याने घ्यायच्या होत्या, पण घेताना काय बघायचं ते सगळ्यांना सांगत बसावं लागलं. बायकांचं पॅड मागे रुंद आणि पुढे आखूड असतं, कारण बसायच्या दोन हाडांमधलं अंतर बायकांमध्ये सहसा जास्त असतं. स्वतःचं अंतर घरी मोजता येतं: खोक्याचा नालीदार पुठ्ठा कडक खुर्चीवर ठेवायचा, त्यावर थोडं पुढे वाकून बसायचं आणि उठल्यावर एका खळीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. पॅड जाड म्हणजे चांगलं, हाही गैरसमज. मऊ स्पंज तासाभरात दबून जातो, घट्ट फोम टिकतो.

बिब घ्यायची की साधी, यावर आमच्यात अजून एकमत नाही. बिबला खांद्यावरून पट्टे असतात, त्यामुळे कमरेला रबर रुतत नाही आणि पॅड जागचं हलत नाही. पण लघवीला जायचं तर आधी जर्सी काढा. कसाऱ्याकडे जाताना ढाब्याच्या मोरीत, कडी नसलेल्या दारामागे, हे करून बघा. मागून क्लिप सुटणाऱ्या किंवा पट्टे न काढता खाली करता येणाऱ्या बायकांच्या बिब मिळतात, पण महाग पडतात. मी रुंद पट्ट्याची, पोटाच्या वर येणारी साधी चड्डी घेतली आणि समाधानी आहे. बीआरएमवाल्या दोघी बिबवरच आहेत. रंगाबाबत मात्र एकमत: काळा किंवा गडद निळा. पाळी, घाम, पाऊस, तिन्हीला तोच चालतो.

आत निकर घालायची नाही, हे सांगितल्यावर काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. कारण समजावलं: निकरची शिवण बरोबर तिथेच घासते आणि घाम धरून ठेवते. सपाट शिवणीचं पॅड तेवढ्यासाठीच असतं. तेव्हा त्या म्हणाल्या, "मग रोज धुवायला पाहिजे." बरोबर. उलटी करून, साध्या पाण्यात, सावलीत वाळत.

जर्सी आल्या. एक जण मुंढ्यात अडकली, दोन साइझच्या मधली होती आणि तिने लहान निवडला होता. मास्तरांकडे नेली तर त्यांनी उलटी करून दाखवली: ओव्हरलॉकच्या शिवणीत माया जवळजवळ नसते, उसवून सोडायला काही उरत नाही. म्हणून अधेमधे असाल तर मोठा साइझ घ्या. तिची जर्सी शेवटी तिच्या कॉलेजातल्या मुलीने पळवली. पॅटर्नची फाइल मी छापणाऱ्याकडून मागून घेतली आहे, बिलात तशी ओळच घालून घेतली. पुढच्या वेळी दुसरीकडे छापायचं झालं तर परत ब्राउन पेपरपासून सुरुवात नको.

आता थंडीच्या जॅकेटचं चाललंय. डिसेंबरात धरणाकडच्या वाऱ्यात नुसत्या जर्सीत निभत नाही. ते जर्सीच्या वरून घालायचं, तेव्हा मापं जर्सी घालूनच घ्यायची, एवढं काकूंनी आत्ताच बजावून ठेवलंय.