तिसरी किक

गाडी सेल्फ घेईना झाली त्याला महिना उलटला. बटण दाबलं की सीटखालून नुसतं टकटकटक. मी प्लग बदलला, दुसऱ्या पंपावरचं पेट्रोल घातलं, मग पावसाला शिव्या दिल्या. बेळगावात जूनपासून काहीही बिघडलं तरी पावसावर ढकलता येतं. शेवटी परवा दुपारी मेस्त्रीकडे गेलो.

त्यानं बॅटरीला मीटर लावला. १२.३ व्होल्ट.

"बारा दाखवतंय की ओ, मग चांगलीच आहे."

"आता सेल्फ दाबा बघू."

दाबला. आकडा घसरत आठाच्या खाली.

"बोलायला बारा, कामाला आठ," म्हणत तो पाना शोधायला लागला. वाक्य मला जरा लागलंच. पन्नाशी जवळ आली की असली वाक्यं आपल्यालाच उद्देशून वाटतात.

वर त्यानं विचारलं, रोज जाता कुठं? घरापासून शहापूर, मध्ये दुसरं रेल्वे गेट. गेट पडलं की मी इंजिन बंद करतो, उघडलं की सेल्फ. मागचे लोक गाड्या चालू ठेवून पेट्रोल जाळतात, मी नाही. या सवयीचा मला फार अभिमान. तर मेस्त्री म्हणाला, सेल्फ एका झटक्यात जेवढं ओढतं तेवढं परत भरायला गाडी थोडी पळायला तर पाहिजे. तुमची पळते कुठं? मी गप्प.

आधी काळी वायर, मग लाल. जुनी बॅटरी काढून त्यानं फरशीवर ठेवली. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरलेली. ती बघताना आप्पांची यझदी मोटारसायकल आठवली.

यझदी म्हैसूरची. किक आणि गिअर एकाच दांड्याला. दांडा आत ढकलून मागं वळवायचा, मग मारायची. सेल्फ नव्हताच, पण ठिणगी बॅटरीवरच, ६ व्होल्टच्या. दर रविवारी आप्पा तिची तीन बुचं काढून डिस्टिल्ड वॉटर घालायचे आणि मी टॉर्च धरायचो. एकदा ॲसिडचा थेंब माझ्या शाळेच्या खाकी चड्डीवर पडला. तेव्हा काहीच दिसलं नाही. धुतल्यावर भोक. आईनं मला नाही, आप्पांना झापलं.

आई स्वयंपाकघरातून किका मोजायची. पहिल्या-दुसऱ्या किकला उठली तर आप्पा गेले. तिसरीलाही नाही उठली की ती मुकाट्यानं चहाचं आधण ठेवायची. आप्पा घाम पुसत आत यायचे, कप संपवायचे, काही न बोलता परत जायचे. आणि चहानंतर गाडी हटकून उठायची. यात शास्त्र काय, ते यझदीलाच ठाऊक.

गेला महिनाभर मीही किकच मारत होतो. आता आठवतंय, रोज चौथ्या-पाचव्या किकला आतून हाक यायची, "चहा घेऊन जा रे." मला वाटायचं, वयामुळे आई आता सारखीच चहा करते.

मेस्त्रीनं नवी बसवली, आधी लाल, मग काळी, वर पेट्रोलियम जेलीचं बोट. जुनी ठेवून घेतली, तिचे पैसे वजा केले. मीटरवर १२.७.

काल सकाळी बटणाला बोट लावलं आणि गाडी उठली. मी दुसऱ्या गेटाला पोचलो. गेट पडलेलं. सवयीनं हात चावीकडे गेला, तेवढ्यात फोन वाजला.

"अरे, चहा टाकलाय की. गेलास होय?"