खांबामागचं ‘बे त्रिक सहा’

पुतणीच्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि म्हटलं, फिर आता हवं तिकडे. लॅपटॉपवर नाशिकच्या पांडवलेणीतलं अठरा नंबरचं लेणं होतं, म्हणजे तिथलं चैत्यगृह, मी कोडमधून मोडकंतोडकं उभं केलेलं. स्तूपापाशी माझाच रेकॉर्ड केलेला आवाज पाढा म्हणत होता. ती बाणाची बटणं दाबत एका खांबामागे गेली आणि थांबली.

"काका, तुम्ही मेलात."

दोन पावलं बाजूला. "आता जिवंत."

दोन महिने रात्री जागून केलेल्या कामाचा हा निकाल, आणि पोरगी बरोबर होती. मी आवाजाला किरण समजत होतो. सरळ जायचं, दगडावर आपटायचं, तितक्याच कोनात उडायचं, कॅरमच्या स्ट्रायकरसारखं. सभागृहांसाठी ही रीत १९६८पासून वापरात आहे आणि परावर्तनांपुरती ती झकास चालते. पण किरणाला वळता येत नाही. मध्ये खांब आला की थेट येणारा आवाज एकदम शून्य.

रविवारी सकाळी बायकोला घेऊन लेण्यावर गेलो. पायऱ्या चढून दम लागलेला, त्यात मी तिला स्तूपाशी उभं करून पाढा म्हणायला लावलं. "अहो, लोक बघतायत," म्हणत तिने हळूच सुरू केलं. मी खांबामागे सरकलो. आवाज कुठे जातोय! ‘बे’ होता तसाच भरदार. ‘सहा’मधल्या ‘स’ची धार तेवढी बोथट झाली. हिशेब सोपा आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. बायकांच्या बोलण्याचा मूळ सूर २०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे तरंगलांबी १.७ मीटर, तिला हातभर रुंदीचा खांब म्हणजे किस झाड की पत्ती. ‘स’ची सळसळ ५,००० हर्ट्झच्या घरात, लांबी जेमतेम ७ सेंटिमीटर. तिच्यासाठी तोच खांब भिंत होतो.

या वळण्याला विवर्तन म्हणतात. गणितात ते मांडायची युक्ती मला फार आवडली: अडथळ्याची कडाच नवा ध्वनिस्रोत मानायची. गणितज्ञ जोसेफ केलर यांनी १९६२ साली कडेवरून निघणाऱ्या किरणांचा सिद्धांत मांडला, पण त्यांचं सूत्र नेमकं सावलीच्या, म्हणजे थेट आवाज जिथे अडतो त्या भागाच्या, सीमेवर अनंताला जातं. १९७४मध्ये कुयुमजियन आणि प्रभाकर पाठक यांनी ते दुरुस्त केलं. तेही रेडिओलहरींसाठी, आवाजवाल्यांनी नंतर उसनं घेतलं. (पाठक हे आडनाव वाचून मला उगाच बरं वाटलं.)

सूत्र कोडात घातलं, तरी खांबाच्या कडेशी ‘टक्’ व्हायचंच. तीन रात्री चूक सापडेना. मी कडेचा आवाज फक्त सावलीत मिळवत होतो. पण सावलीच्या सीमेवर आवाजाचा दाब बरोबर निम्मा असतो, म्हणजे ६ डेसिबल कमी, आणि तो तिथे अलगद उतरत येतो. कडा उजेडातही बोलत असते. तिला तिथे गप्प केलं की पूर्णावरून निम्म्यावर उडी पडते, आणि कानाला ती लगेच कळते. दोन-तीन डेसिबलची चूक कान माफ करतो, उडी नाही.

दुसरी चूक आळसाची. खांबाला दोन बाजू आहेत आणि मी जवळचीच कडा धरली होती. त्यामुळे खांबामागे माझा आवाज चिरका व्हायचा. खर्जाचा निम्मा हिस्सा डावीकडून येतो, निम्मा उजवीकडून, मिळून जवळजवळ पूर्ण. दुसरी बाजू जोडल्याबरोबर ‘बे’ परत भरला.

माझ्या कोडातल्या गोल खांबापुढे मात्र मी हात टेकले, त्याला नेमकी कडाच नाही. सोळा कडांचा धरला तर दहा खांबांच्या १६० कडा. दोन कडा वळून येणाऱ्या वाटा तपासायच्या तर जोड्या २५,६००, तीन कडांच्या तर चाळीस लाखांवर. सगळी हवा बारीक चौकड्यांत कापून लहरींचं समीकरणच सोडवायचं, हाही मार्ग आहे. पण वारंवारता दुप्पट केली की काम सोळापट, आणि माझा लॅपटॉप आधीच तव्यासारखा तापतो. शेवटी खांबाला उभी फळी मानलं. दोन कडा, विषय संपला. तिथल्या घुमण्यात ही लबाडी पकडायला कान फारच तयार हवा.

परवा पुतणीला परत बसवलं. ती खांबामागे गेली, पाढा चालू राहिला. जरा वेळ कान देऊन ऐकलं आणि हेडफोन काढत म्हणाली,

"काका, इथे तुमचे पुढचे दात पडलेत का?"