मेनूकार्डावर मिठाचाही आकडा हवा

उपाहारगृहांच्या मेनूकार्डावर पोषणमूल्ये छापण्याची सक्ती असावी की नसावी, यावर आपल्याकडे अजून वाद होत असला तरी कायदा केव्हाच झाला आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार, केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना प्रत्येक पदार्थासमोर त्याचे उष्मांक लिहिणे १ जुलै २०२२ पासून बंधनकारक आहे. मीठ, साखर, स्निग्ध पदार्थ यांची माहिती मात्र ग्राहकाने मागितली तरच द्यायची आहे, आणि माझा आक्षेप आहे तो याच तरतुदीला.

माझ्या वडिलांना रक्तदाबाचा त्रास आहे. उष्मांकांचा आकडा त्यांच्या फारसा उपयोगाचा नाही, कारण मिठात उष्मांक नसतातच. भाज्यांचे पातळ सूप उष्मांकांच्या हिशेबात अगदी निरुपद्रवी ठरते, पण त्यात मीठ किती आहे हे त्या आकड्यावरून मुळीच कळत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला पाच ग्रॅमांपेक्षा कमी, म्हणजे साधारण चहाच्या एका चमच्याहून कमी मीठ खाण्याचा सल्ला देते. सूप, सॉस, चीज आणि लोणचे-पापड एकाच जेवणात आले, तर ही मर्यादा बाहेर खाताना सहज ओलांडली जाते. अनेक शाखा असलेल्या एका उपाहारगृहात मी मिठाचे प्रमाण विचारले, तेव्हा काउंटरवरच्या मुलाला असे काही विचारता येते हेच ठाऊक नव्हते. त्याला कुणी सांगितलेच नव्हते, त्यामुळे दोष त्याचा नाही. न्यूयॉर्क शहराने २०१५ मध्ये मोठ्या साखळी उपाहारगृहांना, २,३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक सोडियम (मिठातला मुख्य घटक) असलेल्या पदार्थासमोर मीठदाणीचे चिन्ह छापण्याचा नियम केला. असे चिन्ह वाचण्यासाठी आकडेमोड करावी लागत नाही, म्हणून मला ते अधिक मोलाचे वाटते.

उष्मांक छापून लोकांचे खाणे फारसे बदलत नाही, हा विरोधकांचा मुद्दा खरा आहे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०२५ च्या आढाव्यात निवडलेल्या उष्मांकांतली सरासरी घट दोन टक्क्यांच्याही आत आढळली. परंतु आपण काय खातो हे कळण्याचा हक्क वजन किती घटले यावर ठरवता येत नाही. ज्यांना खाण्याविषयीचे मानसिक विकार आहेत, त्यांना हे आकडे त्रासदायक ठरतात, ही तक्रार मला अधिक गंभीर वाटते. इंग्लंडच्या २०२२ च्या नियमांत अशा ग्राहकाला आकड्यांविना मेनूकार्ड देण्याची मुभा आहे, आणि ती आपल्याकडेही असावी.

गल्लीतल्या खानावळीवर मात्र ही सक्ती लादू नये. मिसळीत तर्री किती आणि फरसाण किती, हे तिथे वाढणाऱ्याच्या हातावर ठरते; आज मोजलेला आकडा उद्याच्या ताटाला लागू पडेलच असे नाही, आणि चुकीचा आकडा छापण्यापेक्षा तो न छापलेला बरा. ठरावीक मापाने, एकाच पाककृतीने शेकडो ठिकाणी पदार्थ विकणाऱ्या कंपन्यांना ही सबब सांगता येणार नाही. अ‍ॅपवरून घरपोच जेवण विकणाऱ्यांना तर छापील कार्डावर जागा नसल्याची अडचणही नाही, तेव्हा उष्मांकांशेजारी मिठाचा आकडा देण्याची सक्ती प्राधिकरणाने तिथून सुरू करावी.