भट्टी एवढी शहाणी नसते

प्रयोगशाळेतली उपकरणं संस्थेच्या मोठ्या नेटवर्कवरून उचलून स्वतंत्र खाजगी नेटवर्कवर न्यायची, हे काम माझ्याकडे आलं होतं. आणि ते गरजेचंच होतं. पॉवर सप्लाय, मल्टिमीटर, ऑसिलोस्कोप अशी उपकरणं एससीपीआय या उपकरणांच्या ठरलेल्या भाषेतले हुकूम बहुतेक वेळा ५०२५ या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या त्या क्रमांकाच्या दारावर, ऐकतात आणि सहसा पासवर्ड मागत नाहीत. नेटवर्कवरचा कुणीही तिथे जोडला जाऊन पॉवर सप्लायचं आउटपुट चालू करू शकतो. शिवाय सुरक्षा तपासणीचा स्कॅनर रात्री एकेक पोर्ट ठोठावत फिरला, की एखादं जुनं उपकरण गोठायचं आणि सकाळी अर्धवट मोजमाप हाती यायचं.

मांडणी साधी ठेवली. एक लिनक्स मशीन, त्यात दोन नेटवर्क कार्डं : एक संस्थेकडे, दुसरं आमच्या स्विचकडे. आयपी फॉरवर्डिंग (एका नेटवर्कचं पॅकेट दुसऱ्याकडे पुढे धाडणं) बंद, त्यामुळे मशीन दोन्हीकडे बोलणार, पण इकडचं पॅकेट तिकडे जाणार नाही. संस्थेचे पत्ते १० ने सुरू होणारे, म्हणून आम्ही १९२.१६८.७७ घेतलं. तिसरा आकडा मुद्दाम आडवळणाचा निवडला, कारण ० आणि १ असलेले पत्ते कितीतरी उपकरणांत आणि राउटरांत कारखान्यातूनच भरून येतात. पत्ते वाटायला डीएनएसमास्क हा प्रोग्राम, प्रत्येक मॅक पत्त्याला (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाला) ठरलेला आयपी. गेटवे, म्हणजे बाहेर जायची वाट, कुणालाही द्यायचा नाही. घड्याळं जुळवायला क्रोनी हा प्रोग्राम. काही उपकरणं पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरच्या आधी चालू झाल्यामुळे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसली होती. ती बंद करून पुन्हा चालू केल्यावर वळणावर आली. दुपारपर्यंत सगळी मंडळी आपापली ओळख सांगू लागली होती.

राहिला भट्टीचा तापमान कंट्रोलर. त्याला नेटवर्कचं पोर्टच नाही, यूएसबीची केबल थेट मशीनला. लिनक्सला तो सीरियल पोर्टसारखा दिसतो. आमचा प्रोग्राम त्याला आळीपाळीने दोनच गोष्टी विचारतो : आत्ताचं तापमान किती आणि सेटपॉइंट, म्हणजे गाठायचं तापमान, किती. मशीन चालू होताच हा प्रोग्राम आपोआप सुरू व्हावा अशी सोय केली, मशीन रीस्टार्ट केलं आणि आलेख पाहिला. तापमानाची रेघ ३०० अंशांवर पट्टीने आखल्यासारखी सरळ.

भट्टीवर काम करणारी संशोधक विद्यार्थिनी शेजारीच होती. ती म्हणाली, "सर, आमची भट्टी एवढी शहाणी नाहीये." आणि तिने कंट्रोलरच्या पॅनेलकडे बोट दाखवलं. तिथला आकडा अजून तीनशेच्या बराच खाली होता, हळूहळू चढत होता.

मग सेटपॉइंटची रेघ पाहिली, तर ती चढत होती! दोघांची अदलाबदल झाली होती. प्रोग्राममध्ये काही उलटसुलट असतं तर प्रत्येक वेळी तसंच दिसलं असतं, पण पुन्हा रीस्टार्ट केल्यावर सगळं जागेवर. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा अदलाबदल. असा कधीमधी उगवणारा दोष मला सर्वांत नावडता. सरळ बंद पडणारं यंत्र त्यापेक्षा परवडलं.

उत्तरं एका घराने सरकत असणार, एवढं लक्षात आलं होतं. कंट्रोलरच्या उत्तरावर कुठल्या प्रश्नाचं उत्तर हे लिहिलेलं नसतं, नुसता आकडा येतो. मध्ये एक जास्तीचं उत्तर घुसलं, की पुढचं प्रत्येक उत्तर चुकीच्या प्रश्नाला चिकटतं. दोन घुसली तर जोडी पुन्हा जुळते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. पण न विचारलेलं उत्तर येतंय कुठून? मशीन चालू होता होता ते पोर्ट कुणी उघडलंय हे एलएसओएफ या लिनक्सच्या साधनाने पाहिलं. दोन नावं आली : आमचा प्रोग्राम आणि मोडेममॅनेजर.

मोडेममॅनेजर हा लिनक्सच्या अनेक डेस्कटॉप वितरणांत आधीपासूनच असतो. नवं सीरियल पोर्ट दिसलं, की हा मोडेम तर नाही ना, म्हणून तो चाचपून पाहतो. नव्या आवृत्त्या याबाबतीत जपून वागतात, आमच्या मशीनवरची जुनी होती. यूएसबीमॉनने केबलवरची वाहतूक टिपून वायरशार्क या प्रोग्राममध्ये पाहिली, तर त्यात 'एटी' ही अक्षरं स्वच्छ दिसली. म्हणजे १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमपासून चालत आलेली आज्ञावली भट्टीला ऐकवली जात होती. भट्टी बिचारी प्रामाणिकपणे 'आज्ञा कळली नाही' असं उत्तर देत होती. ते उत्तर कधी मोडेममॅनेजर वाचायचा, कधी आमचा प्रोग्राम. आधी वाचेल त्याचं.

बाहेरच्या स्कॅनरसाठी दार लावून घेतलं आणि दारं ठोठावणारा दुसरा घरातच बसलेला निघाला, यावर विद्यार्थिनी मनापासून हसली. मीही हसलो, पण जरा उशिराने.

यूडेव्हचा (लिनक्समध्ये जोडलेली उपकरणं ओळखणाऱ्या व्यवस्थेचा) नियम लिहून तेवढ्या एका उपकरणाला वगळता आलं असतं. पण ज्या मशीनला मोडेम लागणारच नाही तिथे मोडेममॅनेजर हवा कशाला? काढूनच टाकला. यूडेव्हचा नियम लिहिला तो दुसऱ्या कामासाठी : कंट्रोलरच्या अनुक्रमांकावरून त्याला कायमचं नाव, म्हणजे उद्या दुसरी केबल आधी लागली तरी पोर्टची गल्लत नको. प्रोग्राममध्येही भर घातली. आता तो अधूनमधून कंट्रोलरला त्याची ओळख विचारतो. उत्तरात नावाऐवजी आकडा आला, तर साचलेलं सगळं फेकून नव्याने सुरुवात करतो.

संध्याकाळी खरा आलेख आला. भट्टी तीनशे ओलांडून चांगलीच वर जात होती आणि रेंगाळत खाली येत होती. पीआयडी, म्हणजे उष्णता किती कमी-जास्त करायची हे ठरवणारं कंट्रोलरचं गणित, नव्याने ट्यून करावं लागणार होतं. विद्यार्थिनीने वही उघडली आणि मला खुर्चीवरून उठवलं.